मॅकग्रेगर : कायद्याने पुसलेलं आडनाव

३ एप्रिल १६०३. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ वारून दहा दिवस झाले होते आणि तिच्या गादीवर बसायला स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनला निघण्याच्या गडबडीत होता. त्याच दिवशी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरातल्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, हुकूम काढला: मॅकग्रेगर हे आडनाव रद्द. ज्यांचं ते आहे त्यांनी दुसरं घ्यावं, नाहीतर देहदंड. गुन्हेगारांना शिक्षा देणारे कायदे सगळीकडे झाले, पण एका आख्ख्या कुळाचं नावच गुन्हा ठरवणारा असा कायदा क्वचितच सापडेल.

नाव गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतलं आहे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, आणि ‘ग्रिगर’ हे मूळच्या ग्रीक ग्रेगरी नावाचं गेलिक रूप. मुलींच्या नावात ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येतं. ‘माझं कूळ राजवंशाचं’ असं या घराण्याचं ब्रीद आहे आणि ते नवव्या शतकातल्या राजा केनेथ मॅक अल्पिनशी नातं सांगतात. त्या दाव्याला पुरावा नाही. भक्कम धागा लागतो तो चौदाव्या शतकात, ‘सोनेरी लगामांचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रेगरशी. त्याचा मुलगा इयन काम, म्हणजे एकाक्ष इयन, १३९० साली वारला.

या कुळाची वस्ती हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे आणि ग्लेनलायन या खोऱ्यांत होती, आणि सगळ्या दुर्दैवाचं मूळ तिथल्या जमिनीत आहे. मॅकग्रेगर जमीन कसत, ती तलवारीने राखत, पण राजाची सनद त्यांच्याकडे नव्हती. शेजारच्या कॅम्पबेलांकडे सनदा होत्या, दरबारात वजन होतं आणि कागद करून घेण्याचं कसबही होतं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर राबले तिथेच मॅकग्रेगर कॅम्पबेलांचे खंडकरी होत गेले, मग बेदखल झाले, आणि बेदखल माणसं गुरं पळवून पोट भरू लागली. सरकारी दप्तरात उरली ती फक्त ही गुरंचोरी.

पण हेच कूळ विद्येचंही होतं. लिस्मोरचा डीन (चर्चमधला वरिष्ठ अधिकारी) जेम्स मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ डंकन यांनी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात फॉर्टिंगल गावी गेलिक कवितांचं एक हस्तलिखित तयार केलं. त्या भाषेच्या जुन्या काव्याचा आज तो अमोल ठेवा आहे. लुटारू एवढीच या लोकांची ओळख सांगणाऱ्यांनी ते हस्तलिखित विसरू नये.

हुकमाला तात्कालिक निमित्त झालं ते ग्लेनफ्रूइनच्या लढाईचं. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी मॅकग्रेगरांनी कोल्हून घराण्याच्या फौजेची मोठी कत्तल केली. कुळप्रमुख अलास्टर शेवटी अर्गाइलच्या अर्लच्या, म्हणजे कॅम्पबेलांच्या प्रमुख सरदाराच्या, हाती लागला. तुला सुखरूप इंग्लंडात पोचवतो, असा शब्द अर्लने दिला होता. त्याने अलास्टरला सरहद्दीपलीकडे नेलं आणि तिथूनच फिरवून एडिंबरात आणलं. शब्द अक्षरशः पाळला गेला, आणि जानेवारी १६०४ मध्ये अलास्टर साथीदारांसह फासावर गेला. मानाने वरचा म्हणून त्याचा फास इतरांपेक्षा पुरुषभर उंच बांधला होता.

पुढे बंदी आणखी कडक झाली. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. जवळ हत्यार नाही. मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक नको. १६३३ च्या कायद्याने पाद्र्यांना ग्रेगर नावाने मुलाचा बाप्तिस्मा करायलाही मनाई केली. लोक ड्रमंड, मरे, ग्रँट, स्टुअर्ट झाले, आणि काहींना तर कॅम्पबेल व्हावं लागलं. घरात मात्र खरं नाव जपलं जात होतं. नाहीतर बंदी उठताच ते इतक्या जणांनी परत घेतलंच नसतं.

दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली, कारण यादवी युद्धात हे कूळ राजाच्या बाजूने लढलं होतं. १६९३ मध्ये विल्यमच्या राज्यात ती पुन्हा लादली गेली. या कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय याच काळातला. तो आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावून सही करत असे. कायदा कायमचा रद्द झाला १७७४ मध्ये.

त्यानंतर ८२६ जणांनी जॉन मरे यांना कुळप्रमुख म्हणून मान्यता दिली. हे मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत अधिकारी होते. त्यांचे चिरंजीव इव्हन यांचा संबंध थेट खानदेशाशी येतो. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा ते दरवाजात जबर जखमी झाले आणि रॉयल स्कॉट्स या पलटणीचे एक कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. त्याचा सूड म्हणून शिबंदीची कत्तल झाली आणि होळकरांच्या किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. जमीन आणि नाव गमावलेल्या कुळाची माणसं इथे दुसऱ्याची भूमी घ्यायला आली होती, हेही या इतिहासात लिहायलाच हवं.

१८२२ मध्ये या घराण्याने राजाज्ञेने मॅकग्रेगर हे आडनाव परत लावलं. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट किल्ल्यातून राजवाड्यात नेताना पहाऱ्याला इव्हन आणि त्यांचे मॅकग्रेगर होते. साध्या घरांपैकी कित्येकांनी मात्र घेतलेलं नावच पुढे चालवलं. म्हणून आज या कुळातले पूर्वज शोधणाऱ्याला चर्चच्या जुन्या नोंदवह्या ड्रमंड, ग्रँट आणि मरे या नावांखालीही चाळाव्या लागतात.