चित्रपटनिर्मितीचा खर्च-परतावा

चित्रपटाचे किंवा मालिकेचे काम आपल्या हद्दीत व्हावे म्हणून सरकार निर्मात्याने तिथे केलेल्या खर्चाचा काही भाग परत देते. या व्यवस्थेला खर्च-परतावा किंवा निर्मिती प्रोत्साहन म्हणतात. चित्रीकरण सुरू करायला हे पैसे मिळत नाहीत. आधी खर्च, मग हिशेब, मग तपासणी आणि शेवटी परतावा असा क्रम असतो. म्हणून जाहीर झालेल्या टक्केवारीपेक्षा कोणता खर्च पात्र धरतात आणि रक्कम हातात कधी पडते, हे आधी पाहावे लागते.

कॅनडाने १९९०च्या दशकात टॅक्स क्रेडिट (भरायच्या करातून वजा होणारी रक्कम) देऊन हॉलिवुडची बरीच कामे आपल्याकडे वळवली. अमेरिकी राज्यांच्या चढाओढीला जोर आला तो लुइझियानाच्या २००२च्या कायद्याने. परताव्याचे तीन प्रकार रूढ आहेत : थेट रोख रक्कम, कर वजा जाता उरलेली रक्कम सरकार परत देते ते क्रेडिट, आणि दुसऱ्याला विकता येणारे क्रेडिट.

विकता येणाऱ्या क्रेडिटचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतले जॉर्जिया राज्य. २००८पासून तिथे किमान पाच लाख डॉलर खर्च करणाऱ्याला २० टक्के क्रेडिट मिळते. श्रेयनामावलीत राज्याचे पीचचे बोधचिन्ह लावले, तर आणखी १० टक्के. बाहेरून आलेल्या निर्मितीसंस्थेला जॉर्जियात कर फारसा भरायचाच नसतो. म्हणून ती हे क्रेडिट राज्यातल्या करदात्या कंपनीला डॉलरमागे ९० सेंटच्या आसपास विकते. म्हणजे कागदावरचे ३० टक्के हातात येईपर्यंत २७च्या घरात उतरतात, आणि मधला फरक चित्रपटाशी काहीही संबंध नसलेल्या खरेदीदाराच्या खिशात जातो. दीर्घकाळ तिथे प्रत्येक दाव्याची तपासणी बंधनकारक नव्हती. २०२०च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

ब्रिटनची पद्धत अधिक काटेकोर आहे. १ जानेवारी २०२४पासून चित्रपट आणि मोठ्या खर्चाच्या मालिका यांना ३४ टक्के क्रेडिट आहे, पण ते एकूण बजेटवर नसते. पूर्वतयारी, चित्रीकरण आणि पोस्ट-प्रॉडक्शन (चित्रीकरणानंतरचे संकलन वगैरे काम) एवढाच मुख्य खर्च धरतात. कथाविकास, प्रसिद्धी, वितरण आणि कर्जावरचे व्याज बाहेर राहते. त्या मुख्य खर्चातला ब्रिटनमध्ये झालेला भाग किंवा एकूण मुख्य खर्चाचे ८० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम घेतात. शिवाय क्रेडिट करपात्र आहे. समजा मुख्य खर्च चार कोटी पौंड आणि त्यातला ३.६ कोटी ब्रिटनमध्ये झाला. ८० टक्क्यांची मर्यादा ३.२ कोटींवर येते. त्याचे ३४ टक्के म्हणजे १.०८८ कोटी. त्यावर २५ टक्के कर गेला की उरतात ८१.६ लाख पौंड. जाहिरातीतले ३४ टक्के असे प्रत्यक्षात एकूण मुख्य खर्चाच्या जेमतेम २०.४ टक्के भरतात. व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांच्या, ब्रिटनमधील जानेवारी २०२५पासूनच्या खर्चाला ३९ टक्के दर आहे आणि ८० टक्क्यांची मर्यादा त्याला लागू नाही.

पैसे घेणारा कुठला, यापेक्षा काम कुठे झाले हे तिथे पाहिले जाते. मुंबईहून नेलेल्या छायाचित्रकाराने दहा दिवस लंडनमध्ये काम केले, तर त्या दहा दिवसांचे मानधन ब्रिटनमधला खर्च ठरते. त्याच चित्रपटाचे रंगसंस्करण अंधेरीत केले, तर ते बिल बाहेर. चित्रपट कितपत ब्रिटिश आहे हे ठरवणाऱ्या सांस्कृतिक कसोटीत त्याला ३५पैकी किमान १८ गुण मिळवावे लागतात आणि मुख्य खर्चाचा किमान १० टक्के भाग ब्रिटनमध्ये व्हावा लागतो. मालिकेसाठी तासाला सरासरी दहा लाख पौंडांचा मुख्य खर्च ही अट आहे.

भारतीय निर्माते अडखळतात ते इथेच. दावा करणारी कंपनी ब्रिटनच्या कंपनी कराच्या कक्षेत असावी लागते आणि पूर्वतयारीपासून चित्रपट पूर्ण करून देण्यापर्यंतची जबाबदारी तिचीच असावी लागते. करार मुंबईच्या कंपनीच्या नावे आणि तिथली संस्था फक्त लोकेशनची सोय पाहणारी, अशी रचना असेल तर दावा टिकत नाही. म्हणून कंपनी नोंदवणे आणि करारांवरची नावे ठरवणे ही कामे पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणाआधीच उरकावी लागतात. नंतर कागद दुरुस्त करून भागत नाही.

हिशेबात नेहमी फसणाऱ्या आणखी काही जागा आहेत. प्रत्येक व्हाउचरवर 'कुठे' आणि 'कशासाठी' हे दोन रकाने सुरुवातीपासून हवेत. चित्रीकरण संपल्यावर हजारो बिलांची विभागणी करायला बसले की पात्र खर्चही सिद्ध करता येत नाही. ठरलेले पण न दिलेले मानधन ब्रिटनमध्ये हिशेबाचा काळ संपल्यावर चार महिन्यांत चुकते झाले नाही, तर त्या दाव्यातून वगळतात. आपल्याच दुसऱ्या कंपनीकडून चढ्या भाड्याने कॅमेरे घेतले, तर बाजारभावापेक्षा जास्तीची रक्कम जवळपास सगळीकडे नामंजूर होते. परतावा येईपर्यंतची तंगी भागवायला बँका अपेक्षित रकमेवर कर्ज देतात, पण पूर्ण रकमेवर नाही. व्याज आणि वकिलाची फी निर्मात्याची.

भारतात केंद्र सरकारने परदेशी निर्मितीसाठी २०२२ साली ३० टक्के, कमाल दोन कोटी रुपये अशी योजना जाहीर केली. मर्यादा इतकी तुटपुंजी होती की मोठ्या निर्मितीला तिचा उपयोगच नव्हता. नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दर ४० टक्के आणि कमाल रक्कम ३० कोटी करण्यात आली. लक्षणीय भारतीय आशय असल्यास ५ टक्के जादा. अर्ज आणि चित्रीकरणाची परवानगी ही कामे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळातील कक्ष पाहतो.

या खर्चातून राज्याला किती मिळते यावर खरा वाद आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने २००८ साली ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली आणि २०१५मध्ये योजना गुंडाळली. तिथल्याच आयोवा राज्यात क्रेडिटच्या पैशांतून महागड्या गाड्या घेतल्याचे उघड झाल्यावर २००९मध्ये योजना थांबवली गेली. रोजगाराचे आकडे मांडताना बाहेरून आलेले आणि काम संपताच परतणारे कर्मचारी वेगळे मोजले नाहीत, तर लाभ फुगलेला दिसतो. तरीही कुशल तंत्रज्ञ, स्टुडिओ आणि व्हीएफएक्सची केंद्रे ज्यांनी वर्षानुवर्षे उभी केली, त्या ठिकाणी काम टिकून राहिले आहे. नुसत्या दराच्या जोरावर आलेले काम दर घटताच दुसरीकडे जाते.

महाराष्ट्राची मराठी चित्रपटांसाठीची वाट मुळातच वेगळी आहे. आधी करमणूक कराचा परतावा मिळे, तोही निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तर. त्याची जागा दर्जावर आधारित अनुदानाने घेतली : समिती पूर्ण झालेला चित्रपट पाहून गुण देते आणि 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख रुपये अशी रक्कम ठरलेली होती. इथे बिले नव्हे, पडद्यावरचे काम मोजले जाते. त्यामुळे छोट्या निर्मात्याला दाद मिळते, पण किती पैसे येतील हे चित्रपट पूर्ण होईपर्यंत कळत नसल्याने या अनुदानाच्या भरवशावर आधी कर्ज उभे करता येत नाही.