हात

हात : खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या अवयवाचे मराठी नाव. दंड, कोपर, मनगट, तळहात असे पोटभाग वेगळ्या नावांनी ओळखले जात असले, तरी रोजच्या बोलण्यात सगळे ‘हात’च. ‘हात मोडला’ एवढे ऐकून नेमके कुठले हाड गेले ते कळत नाही.

संस्कृत ‘हस्त’, प्राकृत ‘हत्थ’, मराठी ‘हात’ अशी ही वाट आहे. जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर लांबला. सप्त-सत्त-सात आणि कर्ण-कण्ण-कान यांतही हेच घडले. हिंदी-गुजरातीने ‘हाथ’मधला थ जपला, मराठीने तो सोडला. एका शब्दात ह आणि थ असे दोन महाप्राण आपल्या जिभेला जड गेले असावेत, कारण हथियार-हत्यार, हथौडा-हातोडा या जोड्यांतही तोच फरक आहे.

फारसी ‘दस्त’ हा याच शब्दाचा चुलतभाऊ. अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत त्याचे रूप ‘झस्त’ असे होते. फारसीच्या वाटेने दस्तऐवज, दस्तखत हे शब्द मराठीत आले. मराठवाडा-सोलापूरकडे हातरुमालाला ‘दस्ती’ म्हणतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्तावर डाव्या हाताचा अंगठा उमटतो, तेव्हा दोन्ही भाऊ एकाच कागदाशी भेटतात.

‘हत्ती’ही याच घरातला. संस्कृत ‘हस्तिन्’ म्हणजे हात असलेला. सोंड हाच त्याचा हात. तेराव्या नक्षत्राचे नाव हस्त, त्यातले पाच तारे म्हणजे हाताची पाच बोटे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य या नक्षत्रात जातो, आणि तेव्हाच्या पावसाला शेतकरी ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली त्याभोवती फेर धरतात तो याच दिवसांत. भोंडल्याचे दुसरे नाव ‘हादगा’, तेही हस्तावरूनच आल्याचे सांगतात.

हात हे मापही आहे : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, 24 अंगुळे किंवा दोन विती, म्हणजे सुमारे 18 इंच. दोन हातांचा एक वार, म्हणून नऊवारी लुगडे अठरा हातांचे. माणसागणिक हात लहानमोठा, तेव्हा कापड मोजणारा हात कोणाचा, याला महत्त्व होतेच.