कपटाने झालेला कॅथलिक विवाह: अवैधतेसाठी अर्ज कोण करू शकतो, कागदपत्रे कोणती लागतात

फसवणूक सिद्ध झाली की लग्न आपोआप रद्द, अशी अनेकांची समजूत असते. चर्चचा कायदा तसे म्हणत नाही. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १२५ नुसार कपटामुळे घडलेली कृती वैधच राहते. मात्र फसलेल्या व्यक्तीच्या किंवा तिच्या वारसांच्या मागणीवरून, अथवा स्वतःहूनही, न्यायाधीश ती रद्द करू शकतो. काही कृती याला अपवाद आहेत: पदाचा राजीनामा (कलम १८८), निवडणुकीतले मत (१७२), नोव्हिशिएटमधील, म्हणजे संन्यस्त जीवनाच्या प्रशिक्षणकाळातील, प्रवेश (६४३), नवस (११९१). कपटाने घडलेल्या या कृती मुळातच अवैध. विवाहही असाच अपवाद; त्यासाठी कलम १०९८ आहे, आणि त्याच्या अटी कडक आहेत.

फसवणूक जाणूनबुजून केलेली हवी, तीही लग्नाला होकार मिळवण्यासाठीच. लपवलेली गोष्ट जोडीदाराच्या व्यक्तित्वाशी किंवा स्थितीशी निगडित आणि सहजीवन गंभीरपणे बिघडवू शकेल अशी हवी. पगार थोडा फुगवून सांगितला, एवढ्यावर भागत नाही. वंध्यत्व हे एरवी अवैधतेचे कारण नाही (कलम १०८४), पण ते कपटाने दडवले असेल तर प्रश्न बदलतो. गंभीर संसर्गजन्य आजार, आधीच्या संबंधातली मुले, भोगलेला तुरुंगवास यांचेही तसेच. फसवणारा जोडीदारच असावा असे नाही; घरच्यांनी केलेले कपटही चालते.

अर्ज पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही करू शकते. अर्जदार कॅथलिक असण्याची अट नाही. लग्न जिथे लागले, दोघांपैकी कोणीही जिथे राहते किंवा बहुतेक पुरावे जिथे आहेत, तिथल्या धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या) चर्च न्यायालयात अर्ज द्यावा. सुरुवात आपल्या धर्मगुरूंशी बोलून करावी.

लेखी अर्जात न्यायालय, मागणी, कायद्याचा आधार, थोडक्यात घटना, पत्ता, तारीख आणि सही हवी. सोबत चर्चमधील विवाहाचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, साक्षीदारांची नावे-पत्ते आणि, बहुतेक ठिकाणी, दिवाणी घटस्फोटाचा हुकूमनामा लागतो. वैद्यकीय कागद, पत्रे, संदेश जोडावेत.

माझ्या मते खरी ताकद लग्नाआधीच्या पुराव्यात असते. विवाह वैध असल्याचे कायदा गृहीत धरतो (कलम १०६०), म्हणून सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. त्या काळी कोणाला काय सांगितले होते, हे ठाऊक असलेला साक्षीदार नंतरच्या भांडणांच्या दहा साक्षीदारांपेक्षा मोलाचा. दुसरा प्रश्न हमखास येतो: सत्य कळल्यावर तुम्ही काय केलेत? कळूनही वर्षानुवर्षे निवांत संसार केला असेल, तर दावा कमजोर पडतो. या दोन्हींची उत्तरे अर्ज लिहिण्यापूर्वी तारखांसह, शांतपणे मांडून ठेवा. फसवले गेल्याचे दुःख मोठे असते आणि त्या भरात नेमके हेच तपशील निसटतात.

अर्ज स्वीकारल्यावर दुसऱ्या पक्षाला मत मांडायला १५ दिवस मिळतात. विवाहबंधनाचा रक्षक हा अधिकारी अवैधतेच्या विरोधात जे काही म्हणता येईल ते मांडतो. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या सुधारणेनंतर अवैधतेचा एकच निकाल पुरतो. अपिलाची मुदत १५ दिवस. दोघांची संमती आणि पुरावा उघड असेल तर बिशपांसमोर संक्षिप्त प्रक्रियाही होते.

लग्न अवैध ठरले तरी मुले औरसच राहतात. न्यायालय फसवणाऱ्याला परवानगीशिवाय पुन्हा लग्न करण्यास मनाईही करू शकते.