‘आज जमलं’ आणि ‘आता येतं’: मुलांना शिकवताना होणारी गल्लत

मे महिन्यात संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेकडच्या एखाद्या मैदानावर जरा वेळ थांबा. एक वाक्य हमखास कानावर पडेल : “अरे, काल तर जमत होतं की!” विषय सायकलचा असो, स्केटिंगचा असो नाहीतर दोरीवरच्या उड्यांचा. म्हणणारे कधी पप्पा असतात, कधी आई, कधी सुट्टीला आलेल्या नातवामागे धावून दमलेले आजोबा. दर वेळी त्यात राग असतोच असं नाही. पुष्कळदा खरंखुरं नवल असतं. काल जे चाललं ते आज का अडतंय? मग उत्तरं आपोआप सुचतात : लक्ष नाही, टंगळमंगळ चाललीय, मुद्दाम करतोय. तिथून पुढे आवाज चढायला वेळ लागत नाही.

काल मैदानावर जे दिसलं, ते त्या वेळेपुरतं जमणं होतं. घरच्यांनी ते ‘येतं’ म्हणून हिशेबात धरलं. मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात : एक त्या क्षणाची कामगिरी, दुसरं टिकणारं शिकणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तर घोटाळा होतो.

जमण्याला बऱ्याच गोष्टींचा टेकू असतो. मूल ताजंतवानं असतं. रस्ता ओळखीचा आणि सपाट असतो. तीच कृती नुकतीच दहा वेळा केल्यामुळे अंगात मुरलेली नसली तरी ताजी असते. शिवाय मागून कोणीतरी “हँडल सरळ, खाली बघू नको, पेडल मार” असं सतत सांगत असतं. यातला एखादा टेकू निघाला की डोलारा डुगडुगतो. येणं मात्र चार दिवसांनी, दुसऱ्या जागी, सांगणारं कोणी नसताना उरतं तेवढंच. पहिलं डोळ्यांना दिसतं, दुसऱ्याचा फक्त अंदाज बांधता येतो, आणि तोही नंतर. म्हणून सरावाच्या भरात ‘शिकला’ किंवा ‘नाही शिकला’ असा निकाल देण्यात अर्थ नसतो.

भाकरीचं उदाहरण घेऊ. आमच्या भागातल्या घरांत हे शिक्षण अजून चालू आहे, आणि आता मुलगेही परातीपाशी बसतात, हे बरं झालं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने आईशेजारी बसून पहिली भाकरी थापली आणि ती जवळजवळ गोल झाली, तर घरात कौतुक होतं, फोटो निघतो. आठ दिवसांनी तोच मुलगा पुन्हा बसतो, तर भाकरी कडेने चिरते, उचलताना तुटते. काय बदललं? पहिल्या दिवशी पीठ आईने मळलं होतं. गव्हाच्या कणकेत जी चिवट जाळी तयार होते ती ज्वारीत नसते. पीठ धरून ठेवायचं काम गरम पाण्याने फुगलेल्या पिष्टावर आणि मळण्यावर असतं. त्यात दळण जुनं झालं की पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते. अशा पिठाची भाकरी चाळीस वर्षं थापणाऱ्या आजीच्या हातूनही चिरते. फरक इतकाच, की आजी पीठ हातात घेताच म्हणते, “विरी गेलीय, आधण जरा जास्त कढत लागेल.” मुलाला त्या दिवशी फक्त थापणं जमलं होतं. भाकरी येणं म्हणजे पिठाला काय हवंय ते बोटांना कळणं, आणि ते चांगल्या पिठाच्या आठ गोल भाकऱ्यांतून कळत नाही. चिरलेल्या भाकरीतूनच कळतं. चिरलेली भाकरी ताटात गुपचूप वाढून घ्यावी आणि विचारावं, “आज पीठ कसं लागलं हाताला?” पोराने “कोरडं वाटलं” म्हटलं, तर त्या दिवशी गोल भाकरीपेक्षा मोठं काम झालं.

पाढ्यांत हेच दोन ओळींत दिसतं. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला मध्येच “सात आठे?” विचारलं की ती सात एके पासून सुरुवात करते. तिला पाढा म्हणणं जमतं, गुणाकार यायचाय.

याच्या उलटही घडतं, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. काहीच जमताना दिसत नाही, पण आत शिकणं चालू असतं. टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये उंदरांना भुलभुलैयात रोज सोडलं. एका गटाला पहिले दहा दिवस शेवटी खाऊच ठेवला नव्हता. ते उंदीर नुसते भटकायचे, चुका फारशा कमी होत नव्हत्या. अकराव्या दिवशी खाऊ ठेवला, आणि लगेच पुढच्या दिवसापासून ते रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीने धावू लागले. वाट त्यांना आधीच कळलेली होती, दाखवायचं कारण तेवढं नव्हतं. माणसाचं पोर उंदीर नाही हे मान्य. तरी ओट्यापाशी नुसतं लुडबुडणारं, पाण्यात न उतरता काठावर बसून इतरांना बघणारं मूल ‘वेळ घालवतंय’ असं ठरवण्याआधी हा प्रयोग आठवायला हरकत नाही.

आता गैरसोयीचा भाग. ज्या पद्धतीने आज लवकर जमतं, त्याच पद्धतीने येणं अनेकदा कच्चं राहतं. कर आणि बूथ या संशोधकांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना नजरेआडच्या खुणेवर छोटी पिशवी फेकायला शिकवलं. एका गटाने सगळा सराव तीन फुटांवरून केला. दुसऱ्या गटाने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. शेवटी परीक्षा घेतली ती तीन फुटांवर, आणि दुसरा गट सरस ठरला. ज्या अंतराचा सराव केला नव्हता, त्याच अंतरावर! एकाच अंतरावरून फेकताना हाताला एक ठरीव झटका सापडतो. अंतर बदललं की दर वेळी किती जोर लावायचा हे नव्याने ठरवावं लागतं, आणि उपयोगी पडतं ते हे ठरवणं. असा सराव बघणाऱ्या बापाचा जीव मात्र जास्त खालीवर झाला असता.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांवर बॅडली आणि लाँगमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता. काहींना रोज एकच तास दिला, काहींना दोन-दोन तासांची दोन सत्रं. रोज तासभर शिकणाऱ्यांना एकूण तास कमी लागले. पण सगळ्यांत नाराज तेच होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. मोठ्या, पगारी माणसांनाही आपलं शिकणं आतून नीट मोजता आलं नाही. मग सात वर्षांचं मूल “मला नाहीच येणार” म्हणतं त्याचं काय आश्चर्य? रविवारी सकाळी तीन तास सायकल आणि मग आठवडाभर काही नाही, यापेक्षा शाळेतून आल्यावर रोजची वीस मिनिटं बरी. रविवारच्या तिसऱ्या तासाला पोर छान चालवतं, यात वाद नाही. पुढच्या रविवारी त्यातलं किती उरतं ते बघावं.

परिस्थिती बदलली की कामगिरी घसरते, याचं मोठं उदाहरण साताऱ्याच्या मातीतलंच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घरातूनच कुस्ती शिकले, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. आखाडा लाल मातीचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र मॅट होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. नुसत्या क्रमांकावरून कोणी म्हणालं असतं, की पैलवानाला अजून यायचंय. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीतलं येणं मॅटवर पोचायला मधला काळ लागला, मॅटवर अडखळणं लागलं. आपल्या घरची पातळी फार लहान, पण सोसायटीच्या फरशीवर शिकलेली सायकल साताऱ्याच्या चढ-उतारावर पहिल्या दिवशी डगमगणारच.

मदतीचा प्रश्न इथेच येतो, कारण जमवून आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे मदत. मदत वाईट नव्हे. वूड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या तीस मुलांना एकवीस लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि शिकवणाऱ्या बाईंनी कधी काय केलं ते टिपलं. तीन वर्षांच्यांना मुख्यतः कामाकडे ओढून आणावं लागे. चार वर्षांच्यांना कुठे चुकतंय ते शब्दांनी सुचवावं लागे. पाच वर्षांची मुलं बहुतेक स्वतः करून “बरोबर ना?” एवढंच विचारायला येत. मुलाला जितकं येतं तितकी मदत मागे सरकायला हवी, हे त्यातलं सार. आपल्याकडे अडतं ते मागे सरकण्यात. चौथीतल्या मुलाच्या बुटाची नाडी सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजतोय म्हणून आपण बांधतो (ते ठीक, रिक्षावाले काका थांबायचे नाहीत), पण संध्याकाळी वेळ असतानाही आपणच बांधतो.

नाडीचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. शेवटाकडून शिकवणं हा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. सगळं आपण करायचं आणि फक्त शेवटचा फास ओढणं मुलाकडे द्यायचं. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. दर वेळी काम पुरं झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो, आणि आपली मदत सुरुवातीकडून कमी होत जाते.

काही मदत मात्र चुकीच्या भागाला टेकू देते. सायकलच्या मागे बाजूला लावलेली दोन छोटी चाकं हा त्याचा नमुना. त्यांच्यावर मूल पेडल मारायला शिकतं, आणि पेडल ही सायकलमधली सोपी गोष्ट आहे. अवघड आहे तो तोल. वळताना अंग आत झुकवावं लागतं, ते ही चाकं करूच देत नाहीत. त्यापेक्षा चाकं आणि पेडल दोन्ही काढा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीला टेकतील, आणि मुलाला पायाने ढकलत जाऊ द्या. पहिले काही दिवस हे फारच केविलवाणं दिसतं. शेजारचं मूल चार चाकांवर भरधाव जात असतं आणि आपलं बदकासारखं चालत असतं. धीर लागतो तो नेमका या दिवसांत. आणि धीर म्हणजे तोंड घट्ट मिटून रागाला आवर घालणं नव्हे. आपण कशाची वाट बघतोय हे माहीत असलं की आवरायला फारसा राग उरत नाही.

पोहण्यात ही गल्लत नुसत्या चिडचिडीवर थांबत नाही. आमच्याकडे गावोगावच्या विहिरींत मुलं शिकली ती पाठीला पत्र्याचा बंद डबा किंवा वाळका भोपळा बांधून, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या काकाच्या हातात. त्या शिकवण्यात एक गोष्ट पक्की होती : आधार हळूहळू काढला जायचा. आधी दोर ढिला, मग लहान डबा, मग एक दिवस दोर नुसता नावाला. आताच्या उन्हाळी शिबिरांत फुगे किंवा पट्टा असतो, पाणी छातीइतकं आणि निळं, तळ दिसतो. शेवटच्या दिवशी मूल टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि घरी आल्यावर सगळे म्हणतात, “पोहायला आलं!” जूनमध्ये मामाच्या गावची विहीर समोर येते, किंवा कृष्णेचा घाट, जिथे पाणी गढूळ, थंड आणि वाहतं असतं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला त्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको.

अमेरिकन रेड क्रॉस पाण्यात निभाव लागण्यासाठी पाच गोष्टी एकापाठोपाठ करता यायला हव्यात असं मानते : डोक्यावरून जाणाऱ्या पाण्यात उतरून किंवा उडी मारून वर येणं, मिनिटभर तरंगणं किंवा पाय मारत जागीच राहणं, गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत पंचवीस यार्ड, म्हणजे साधारण तेवीस मीटर, जाणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. शिबिराच्या व्हिडिओत बहुधा चौथीच दिसते. बाकीच्या चार शिबिर संपल्यावर महिन्याभराने, दुसऱ्या एखाद्या टाकीत करायला सांगाव्यात : फुगे नाहीत, आधी सराव नाही, आणि पोहता येणारं मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाण्यात. त्यातली एखादी अडली तर शिबिराचे पैसे वाया गेले असं नव्हे. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते कळलं.