रॅम कमी पडतेय का रॅम खराब झालीय?

"मेमरीचा प्रॉब्लेम आहे" एवढ्या एका वाक्यात लोक दोन पार वेगळी दुखणी कोंबतात, एक म्हणजे रॅम (चालू प्रोग्रॅमचा माल तात्पुरता ठेवायची जागा) पुरत नाही आणि दुसरं म्हणजे रॅमच बिघडलीय. (सी ड्राइव्ह भरली की त्यालाही काहीजण मेमरी फुल म्हणतात, त्यांनी फाइली उडवाव्यात, त्यांचं इथे काम नाही.) मी स्वतः ही गल्लत केलीय. पीसी मधेच रिस्टार्ट व्हायचा, मी म्हटलं रॅम कमी पडत असणार आणि अजून ८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) आणून लावली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बिघडलेली जुनी स्टिक आपली तिथंच, त्यामुळे रिस्टार्ट काय थांबले नाहीत.

रॅम कमी पडते तेव्हा तिचं वागणं सरळ असतं. सकाळी मशीन छान पळतं, मग ब्राउझरचे तीस टॅब, एखादा व्हिडिओ एडिटर, वर अजून एखादा गेम, असं साठत गेलं की विंडोज रॅममधला काही माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकायला लागतं. रॅमला काही हवं असेल तर नॅनोसेकंदांत मिळतं, एसएसडीला त्यासाठी मायक्रोसेकंद लागतात आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला थेट मिलीसेकंद, म्हणजे रॅमच्या मानाने हजारो नाहीतर लाखो पट उशीर. म्हणून विंडो बदलली की दोन-चार सेकंद सगळं ठप्प होतं, डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो, आणि दोन-तीन जड प्रोग्रॅम बंद केले की परत सगळं सुरळीत. मुख्य खूण हीच, ओझं उतरवलं की बरं वाटतं.

खराब रॅमला असला काही ताळतंत्र नसतो. कधी नुसता डेस्कटॉप दिसत असताना निळा स्क्रीन येईल आणि कधी चार तास गेम खेळलात तरी काही होणार नाही. झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची तक्रार), इन्स्टॉल दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकतं, काल ठीक असलेला फोटो आज अर्धा करडा. कारण असं की डीरॅममधला (पीसीत असते ती रॅम याच प्रकारची) प्रत्येक बिट म्हणजे एका चिमुकल्या कपॅसिटरमधला चार्ज, तो सतत गळत असतो म्हणून डीडीआर४ मध्ये साधारण दर ६४ मिलीसेकंदांत सगळे बिट पुन्हा भरून घेतात. एखादा सेल कमजोर झाला की तेवढा वेळही तग धरत नाही, तुम्ही ठेवलेलं असतं १ आणि वाचताना हातात येतो ०. मशीन तापलं की गळती वाढते, म्हणून काहींचा पीसी सुरू केल्यावर अर्धा तास शहाण्यासारखा वागतो आणि मग बिघडतो.

म्हणजे रॅम कमी असली तर मशीन रडत रडत का होईना पण बरोबर उत्तर देतं, खराब असली तर झटपट चुकीचं देतं. आणि दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण फाइल कॉपी करतानाही डेटा रॅममधूनच जातो. शंका असेल तर घाबरून लगेच बॅकअप घ्यायला धावू नका, निदान जुन्या चांगल्या बॅकअपवर तरी लिहू नका. विंडोज परत टाकणं आणि बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) अपडेट करणं तर अजिबातच नको, बिघडलेल्या रॅमवर टाकलेलं विंडोजही बिघडलेलंच निघू शकतं.

आता विंडोजचे मेसेज. ते आपल्याला मुद्दाम चकवतात की काय असं वाटतं. "द मेमरी कुड नॉट बी रेड" अशी जुनी खिडकी आली की लोक लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधतात, पण बहुतेक वेळा त्या एका प्रोग्रॅमने आपला नसलेला पत्ता वाचायला घेतलेला असतो, चूक प्रोग्रॅमची. तोच तोच प्रोग्रॅम पडत असेल तर आधी त्याच्यावर संशय घ्या, दर वेळी वेगळाच पडत असेल तर रॅमवर. निळ्या स्क्रीनवरचं "मेमरी मॅनेजमेंट" ड्रायव्हरमुळेही (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमुळेही) येतं. उलट "युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी" ही सरळ टंचाईची तक्रार, त्यात स्टिकचा दोष नाही.

टंचाई बघायला कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी. रिकामी रॅम कमी दिसली म्हणून घाबरू नका, विंडोज रिकाम्या रॅममध्ये कॅश (पुढे लागेल असा डेटा) भरून ठेवतं आणि ते चांगलंच आहे (रॅम साफ करून देणारी ॲप म्हणूनच बिनकामाची), बघायचं ते कमिटेड. तिथे दोन आकडे असतात, दुसरा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, पहिला त्याच्या जवळ गेला की टंचाई खरी. एकच प्रोग्रॅम काही न करता तासातासाला फुगत असेल तर ती लीक, म्हणजे घेतलेली रॅम तो परतच करत नाही, तिथे कितीही रॅम घाला, फार तर मरण उद्यावर जाईल, प्रोग्रॅम अपडेट करा नाहीतर बदला.

बिघाड शोधायला विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहे, सुरुवातीला बरं आहे, पण ते ठीक म्हणालं म्हणून मी तरी निश्चिंत होत नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) बूट करा आणि रात्रभर चालू द्या. इथे पास होण्याइतके मार्क वगैरे काही नसतं, एक एरर आली तरी नापास. पण नापास झाली म्हणून लगेच फेकू नका! आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा स्पीड वाढवणारी सेटिंग) बंद करून परत टेस्ट लावा, ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच असतं आणि पुष्कळदा स्टिक चांगली असून फक्त तो स्पीड झेपत नसतो. तरीही एरर आली तर पीसी बंद, वायर काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, केसच्या धातूला हात लावा, आणि एका वेळी एकच स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून टेस्ट, मग स्लॉट बदलून परत. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक गेली, स्लॉटबरोबर राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर, कारण मेमरी कंट्रोलर (रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग) आता प्रोसेसरमध्येच असतो. डीडीआर५ असेल तर स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळाच राहू शकतो, ते ट्रेनिंग (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो ते) चाललेलं असतं, मधेच बंद करू नका.

दोन्ही दुखणी एकत्र येतात अशी एक जागा आहे. लावलीय १६ जीबी आणि टास्क मॅनेजर दाखवतोय ८. मशीन हळू चालतं, सगळी लक्षणं टंचाईची, पण मूळ असतं नीट न बसलेली किंवा मेलेली स्टिक. म्हणून नवीन रॅम घ्यायच्या आधी बसवलेली पूर्ण दिसतेय का ते बघा, काढून परत टक आवाज येईपर्यंत दाबून लावा, एवढ्यावर भागतं कित्येकदा.

आणि खराब स्टिक बदलून झाली की कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) चालवा, मधल्या काळात विंडोजच्या ज्या फाइली बिघडल्या असतील त्या दुरुस्त होतात. तुमच्या स्वतःच्या फाइलींना मात्र ते हात लावत नाही, त्या काळात कॉपी केलेले फोटो आणि झिप एकेक उघडून तुम्हालाच बघावे लागतील.