पांढरी पडलेली जमीन: धूप कोणती, क्षारपड कोणती

उन्हाळ्यात नांगरट उरकल्यावर बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी, चिकोडी, रायबाग किंवा अथणी तालुक्यातल्या काळ्या रानाकडे दुरून पाहिले, तर जागोजागी पांढरट पट्टे आणि डाग दिसतात. जमीन पांढरी पडली, एवढे बोलून बहुतेक वेळा निदान तिथेच थांबते. या पांढरेपणाची कारणे मात्र दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एका रानात पाणी अंगावरून धावत गेल्याने वरची काळी माती वाहून गेलेली असते आणि खालचा चुनखडीचा थर उघडा पडलेला असतो, ही धूप. दुसऱ्या रानात पाणी निघून न गेल्याने तळातले क्षार वर आलेले असतात, ही क्षारपड. उत्पन्न दोन्हीकडे घटते, पण एकीवरचा उपाय दुसरीवर केला तर रान आणखी बिघडते, म्हणून आधी ओळख आणि मग खर्च, असा माझा आग्रह आहे.

धुपीची सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. उघड्या ढेकळावर टपोरा थेंब आदळला की मातीचे बारीक कण सुटे होतात, ते छिद्रांत बसून वरचा थर लिंपल्यासारखा बंद करतात, आणि मुरायला वाव न उरलेले पाणी ते कण घेऊन उताराने चालू लागते. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पुढचे पाणी फार सावकाश मुरते. त्यामुळे डोळ्याला सपाट भासणाऱ्या, शेकडा 1 ते 2 इतक्याच उताराच्या रानातूनही माती जाते. अथणी-सौंदत्तीकडच्या भारी जमिनी शाळवासाठी खरिपात मोकळ्या ठेवण्याची रीत आहे आणि पावसाचे जोरदार तडाखे नेमके त्याच उघड्या रानावर बसतात. त्यातच उताराच्या दिशेने उभी पेरणी केली, तर प्रत्येक तास पाण्याला वाट करून देते. एका एकरावरून 1 मिलिमीटर जाडीची माती गेली तर तिचे वजन 5 टनांच्या आसपास भरते, आणि एवढा फरक मशागत करणाऱ्याच्या नजरेलाही येत नाही. तो दिसतो बांधावर: वरच्या अंगाला माती बांधाच्या माथ्याला टेकलेली असते, खालच्या अंगाला पायरी पडलेली असते आणि बांधावरच्या बाभळीच्या मुळ्या उघड्या झालेल्या असतात.

क्षारपडीचे मूळ पाण्याच्या अतिवापरात आणि तुंबलेल्या निचऱ्यात आहे. घटप्रभेचे कालवे आणि कृष्णेवरच्या उपसा योजना यांमुळे या भागात ऊस उभा राहिला, घराघरांत पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भारी जमिनीला पाटाने भरपूर पाणी देत राहिल्यावर भूजल हळूहळू वर चढते. ते जमिनीपासून दीड मीटरच्या आत आले की बारीक छिद्रांतून ओल पृष्ठभागापर्यंत ओढली जाते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. अशा जमिनीतही दोन जाती आहेत. विद्युत वाहकता, म्हणजे मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचे माप, 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. वाहकता कमी, पण सामू 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या (विनिमयक्षम) सोडियमचे प्रमाण शेकडा 15 च्या पुढे असेल तर ती चोपण. चोपण रान ओले असताना निसरडे असते आणि वाळल्यावर त्यात कुदळ शिरत नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर तालुक्याकडे पाहिले की हा फरक आपोआप उलगडतो. कणकुंबीच्या परिसरात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर अथणीकडे साधारण 500 ते 600. कणकुंबीसारख्या पावसात क्षार टिकत नाहीत, ते धुऊन जातात आणि तांबडी माती उलट आम्लधर्मी होते; म्हणून खानापूरच्या जंगलपट्ट्यात क्षारपडीचा प्रश्न नाही. धुपीचा मात्र आहे, आणि जिथे डोंगरउतारावरची झाडी तुटते तिथे तो फार वेगाने वाढतो.

पूर्वेकडच्या काळ्या रानात ओळख पटवायची तर आधी जागा पाहावी. धुपीचा पांढरा रंग उताराच्या खांद्यावर, माळाच्या कडेला, ताल (उतारावरचा आडवा बांध) फुटलेल्या ठिकाणी असतो. क्षाराचा पांढरा रंग सखलात, पाटाच्या किंवा ओढ्याच्या लगत असतो. नंतर हात लावून पाहावे. चुनखडीचे खडे टणक, मातीत रुतलेले असतात आणि पावसाने धुतल्यावर अधिकच उठून दिसतात. क्षाराचा थर पिठासारखा भुसभुशीत असतो, बोटाने पुसला जातो, पहिल्या पावसात विरघळून दिसेनासा होतो आणि थंडी सरता सरता पुन्हा फुटतो. आम्लाचे थेंब टाकून फसफस पाहण्याची युक्ती काहीजण सांगतात, परंतु आपल्या काळ्या मातीत चुना मुळातच असल्याने फेस दोन्हीकडे येतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. पिकाची खूण अधिक भरवशाची आहे. चुनखडी उघडी पडलेल्या जागी लोह मिळत नसल्याने उसाला केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. क्षारपड रानात जुन्या पानांची टोके व कडा करपतात आणि उगवण तुटक होते. एवढ्यावरही शंका राहिली तर मृदा आरोग्य पत्रिकेतील सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे एकत्र वाचावेत. पत्रिका कन्नडमध्ये हाती आली तरी आकडे वाचता येतात, आणि बाकीचा अर्थ कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून घेण्यात संकोच धरू नये.

पर्यावरणावरचे परिणामही वेगळ्या वाटांनी जातात. धुपीचा परिणाम दूरवर पोहोचतो: खानापूर-बैलहोंगलकडची माती मलप्रभेतून नविलुतीर्थ धरणाच्या जलाशयात जाऊन बसते, तेवढी साठवण कमी होते, नदीचे पाणी गढूळ राहून माशांच्या अंड्यांवर गाळ बसतो, आणि ज्या रानातून पाणी धावत गेले तिथल्या विहिरीला पाझर उरत नाही. क्षारपडीचा परिणाम जागेवर साचतो: गांडुळे नाहीशी होतात, बांधावरची आंबा-चिंचेची झाडे शेंड्याकडून वाळतात, विहिरीचे पाणी मचूळ होते.

पण या दोन गोष्टी एकाच पाणलोटात एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच जोडाची. माळावरून सुटलेली माती ओघळींतून खाली येते आणि ओढ्या-नाल्यांत बसते. नाल्याचा तळ वर उचलला जातो, त्यात बाभूळ आणि पानगवत माजते, काही ठिकाणी अर्धा नाला नांगरून त्यात ऊसही लावला जातो. मग सखलातल्या उसाच्या रानातले पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. रान आधी चिबड, म्हणजे कायम पाणथळ, होते आणि काही वर्षांत पांढरे. वरच्याची माती गेली आणि तिच्यामुळेच खालच्याची जमीन गेली, तरी दोघे आपापल्या नशिबाला बोल लावतात.

उपायांची गल्लत इथेच महागात पडते. उतारावरच्या रानात समतल ताली, दगडी सांडवा, आडवी पेरणी, बांधावर वाळा किंवा मारवेल गवत, आणि पावसाळ्यात रान झाकणारे मटकी-हुलग्यासारखे पीक हवे. तिथे पाणी काढून देण्यासाठी उताराच्या दिशेने सरळ चर खणला, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याची घळ होते. चिबड रानात उलट चर, सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा आणि ठिबकने मोजके पाणी हवे. तिथे बांध उंचावून पाणी अडवले की क्षार वाढतात. जिप्समचे पोते दोन्हीकडे सारखेच टाकले जाते, पण ते उपयोगी पडते फक्त चोपण जमिनीला, तेही निचरा झाल्यावर; त्याला धैंच्याचे हिरवळीचे खत आणि साखर कारखान्यातील प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारी मळी) यांची जोड द्यावी. आपल्या रानातला पाइप शेजाऱ्याच्या बांधाशी सोडून भागत नाही, म्हणून आधी नाला मोकळा व्हावा लागतो, तोही ओढ्याला मिळेपर्यंत, आणि त्यासाठी काठावरच्या सगळ्या खातेदारांना एकत्र बसावे लागते. त्याच वेळी वरच्या माळावरच्या ताली दुरुस्त झाल्या नाहीत, तर साफ केलेला नाला पुन्हा गाळाने भरतो. हे काम उसाच्या लागणीआधी, रान मोकळे असताना, मे अखेरपर्यंत पुरे केले तर जूनच्या पावसातच क्षार धुऊन निघायला सुरुवात होते.