कार्ताझ कसा मिळे: कोकणच्या जहाजमालकासाठी पात्रता, कागद आणि खरा खर्च

सोळाव्या शतकात चौल किंवा दाभोळहून तांबड्या समुद्राकडे गलबत न्यायचे, तर आधी पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, काढावा लागे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणाची परवानगी लागली नव्हती, त्या समुद्रावर १५०२ च्या सुमारास ही सक्ती आली.

पात्रता
अर्जदार कोणत्या राजाची रयत आहे, हे आधी पाहत. त्या राजाशी वैर असेल तर परवाना मिळणे अवघड. अहमदनगर आणि विजापूरच्या सुलतानांना तहानुसार दरवर्षी काही कार्ताझ फुकट मिळत. सामान्य व्यापाऱ्याला ती सवलत नव्हती.

कागदात काय लिहीत
जहाजाचे नाव व आकार, नाखव्याचे नाव, खलाशी, शस्त्रे, माल आणि जायचे बंदर. मिरी व दारूगोळा नेण्यास बंदी, तुर्कांना जहाजावर घेण्यासही बंदी. या परवान्यांवर मेरी आणि येशूची चित्रे असत. अशा कागदावर हजला जावे का, हा वाद अकबराच्या दरबारातही झाला.

शुल्क
परवान्याची फी किरकोळ होती, आणि तेवढीच पाहिली तर फसगत होते. जाता-येता पोर्तुगीज ठाण्यात जहाज लावून जकात भरायची, ही अट परवान्यातच असे. खरी वसुली तिथे होई. घरच्या राजाची जकात सुटत नसेच. चौलला तर वरचे शहर निजामशाहीचे आणि खाडीच्या तोंडाशी, रेवदंड्याला, पोर्तुगीजांचा कोट! वाट वाकडी केली की खलाशांचा पगार वाढे, कर्जाचे व्याज चढे, आणि पावसाळ्याआधी बंदर गाठायची घाई. हा भार कोणत्याही दरपत्रकात नव्हता. लुटीची भीती ज्याची, संरक्षणाचे पैसेही त्यालाच द्यायचे. म्हणून मी याला व्यापारावरचा साधा कर मानत नाही. पोर्तुगीज राजाच्या जहाजांना यातले काहीच लागू नव्हते.

परवाना नसेल तर
जहाज आणि माल जप्त होई. माणसे मारली जात किंवा पोर्तुगीज गलबतांवर वल्ही मारायला जुंपली जात.

अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक, म्हणजे परवाने, सक्तीचे केले. मुंबईच्या इंग्रजांनी ते घ्यायचे नाकारले आणि कान्होजींना समुद्री लुटारू ठरवले.